दियेलामावशीचा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. ॲल्युमिनियमचा, जाड बुडाचा. माझा एक कान वाकडा आहे, पण त्याला मी काय करणार! हैतीत, पोर्तोप्रिन्सच्या बाजाराजवळ, एका कारागिराने मोडक्या गाड्यांचे तुकडे वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतलं. दियेलाच्या आईने घासाघीस करून मला घेतलं आणि लेक अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या सामानात कोंबलं.

"तिकडची भांडी पातळ असतात गं, भात करपतो," ती म्हणाली.

दियेला मायामीला पाहुणी म्हणून आली आणि व्हिसाची मुदत संपली तरी राहिली. मग काय, लपून जगणं आलं. दारावर नाव नाही, बँकेत खातं नाही, भाडं रोख. कुणी फोटो काढायला लागलं की बाई माझ्यामागे वाकून डाव शोधायची.

पण रविवारी चर्चच्या अंगणात आमचा थाट असे. राजम्याचा भात शिजला की नुसती झुंबड!

"मावशी, खरवड माझ्यासाठी ठेव हं!"

"गेल्या रविवारी तूच खाल्लीस ना रे? पोट आहे की पोतं?"

एकदा मला उतरवताना फडकं निसटलं. उकळतं पाणी तिच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. घरमालकीण ओदील ओरडली, "चल दवाखान्यात!"

"नको बाई, तिथे नाव विचारतात."

तिने कोरफड लावली, दात आवळले आणि त्याच हाताने भात वाढला. किती कळवळलो मी!

मग हैतीत तो भूकंप झाला. दियेलाचं घर पडलं, आई त्याखाली गेली. आता परत जायचं तरी कुठे? तेवढ्यात चर्चमध्ये बातमी आली. भूकंपाच्या दिवशी जे हैतीचे लोक इथे होते, त्यांना सरकार काही काळ हाकलणार नाही, कामही करू देईल. फक्त अर्ज करायचा आणि आपण इथे होतो हे सिद्ध करायचं. दियेला ढसाढसा रडली, आनंदाने आणि भीतीनेही.

अर्ज भरून द्यायला रोझलीन नावाची वकीलबाई चर्चच्या स्वयंपाकघरात बसायची. मी शेजारीच चुलीवर होतो.

"मावशी, पगाराची चिठ्ठी? विजेचं बिल? दवाखान्याचा एखादा कागद तरी?"

दियेलाने बाही वर केली आणि डाग दाखवला. "हे इथेच भाजलंय, पोरी."

रोझलीनने पेन खाली ठेवलं. "याच्यावर तारीख नसते हो, मावशी."

मग तिने, भूकंपाच्या दिवशी मावशी इथेच होती, असं लोकांकडून लिहून घ्यायला सांगितलं. ओदीलने लगेच दिलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. खरवडीसाठी भांडणारा तो पुटपुटला, "आमच्याकडेच कुठे कागद आहेत, मावशी? सही केली की पत्ता द्यावा लागतो." दियेला त्याच्यावर रागावली नाही. भीती काय असते ते तिला ठाऊक होतं. तिने त्याला वाढलं.

अर्ज नामंजूर झाला. पुरावा अपुरा, असं कळवलं होतं. आणि जो पत्ता ती इतकी वर्षं जिवापाड लपवत आली, तो आता सरकारच्या हाती तिनेच दिला होता. दुसऱ्याच सकाळी तिने एक पिशवी भरली.

"टोप ने की गं," ओदील म्हणाली.

"एवढं ओझं घेऊन पळता येत नाही, ताई." तिने माझ्या वाकड्या कानावरून हात फिरवला आणि ती गेली. कुठे, ते ओदीललाही सांगितलं नाही.

आता ओदीलने माझ्यात मिरच्या लावल्या आहेत. पाणी साचू नये म्हणून बुडाला भोकं पाडली. माझ्यात आता कधीच भात शिजणार नाही.

मित्रांनो, मला घासा, पुसा, असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या हातचं तुम्ही जेवलात, त्यांच्यावर वेळ आली तर मान खाली घालू नका. पुढे व्हा आणि सांगा, ही इथेच होती. मी सांगितलं असतं हो. मला कुणी विचारलंच नाही.