ऐकलं की पटलं?

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. कागदावरची नव्हे, संगणकातली. आमच्या औषधांच्या गोदामात प्रत्येक शीतखोलीचा आणि प्रत्येक गाडीचा कारभार एकेक छोटा प्रोग्रॅम बघतो. वर साहेब कोणी नाही, त्यामुळे वाद आलाच. तो कसा घालायचा, हे मी शिकवत असे.

मला एका बाईंनी घडवलं, गार झालेल्या चहाच्या साक्षीने. "आमच्या घरापेक्षा या प्रोग्रॅमांची भांडणं नीट मिटतात," असं त्या कौतुकाने सांगत. माझ्याकडे चारच गोष्टी होत्या: मागणी, 'का?', कारण आणि 'बरं'. 'बरं' आलं की वाद संपला. सहा वर्षं मी असे वाद मिटवले.

मग नवी गाडी आली. तिचा प्रोग्रॅम दुसऱ्या कचेरीत लिहिलेला. एका दुपारी शीतखोली तिला म्हणाली, "लशींची खोकी तीनच्या आत ने."

"का?"

"माझं यंत्र बिघडतंय."

"बरं," गाडी म्हणाली. तिच्या कचेरीत 'बरं' म्हणजे नुसतं ऐकलं. शीतखोलीने हमालांकरवी खोकी दारात काढून ठेवली. गाडी आलीच नाही. लशी उन्हात वाया गेल्या.

बाईंनी नवऱ्याला फोन केला. तो हसला. "अगं, वीस वर्षं मी तुला बरं म्हणतोय. एकदा तरी पटलं होतं का?"

दुसऱ्याच दिवशी बाई धाकटी नियमावली लिहायला बसल्या. तिच्यात 'बरं' नाही. 'ऐकलं' वेगळं, 'पटलं' वेगळं. एक शब्द काय जास्त शिकली, सगळ्यांनी डोक्यावर घेतली! बाकी सगळं माझंच उचललेलं. वर म्हणे, काय सुबक मांडणी! तिच्यासाठी बाईंनी चहासुद्धा गरम असताना प्यायला. माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, जुनी पुसून टाकू? उगाच जागा अडवतेय."

"बरं," बाई म्हणाल्या.

गृहस्थांचं बोट कळीवर गेलं आणि थबकलं. "बरं म्हणजे? ऐकलं, की पटलं?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, जिचा हेवा केला तिच्याच शब्दाने मी वाचले. याहून मोठा अपमान नाही. म्हणून कळकळीने सांगते, पटलं नसेल तर 'बरं' म्हणू नका. कोणाची तरी खोकी उन्हात राहतात.

लोक म्हणतात, धाकटी माझ्यापेक्षा गुणी आहे.

बरं.