हिरीच्या हातचा चिकू

मित्रांनो, टीव्हीला वायर जोडून मुलं ज्याच्याशी तासन्‌तास खेळायची, असा मी डहाणूत जन्मलेला एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझं नाव चिकू. रंगही चिकूच्या सालीसारखा, मातकट तपकिरी. माझ्या पाठीवर एक लांबट खाच आहे. तिला स्लॉट म्हणतात. गेमची कॅसेट त्या स्लॉटमध्ये दाबून बसवली की आतल्या पितळी पिना तिला चिकटतात आणि टीव्हीवर चित्र येतं. या पिना तुम्ही लक्षात ठेवा. माझ्या कंपनीनं त्यांच्याकडे वेळेवर पाहिलं असतं, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

१९९७ साली भाताच्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत मी तयार झालो. मालक होते चिमणशेठ. ते आधी रेडिओ दुरुस्त करायचे. बाहेरून आलेले गेम उघडून, जोडून, पुन्हा उघडून त्यांनी स्वतःचा गेम बनवला आणि कंपनीला नाव दिलं 'चिमण गेम्स'. आमच्या कॅसेटही वेगळ्या होत्या. एका खेळात भरती-ओहोटी ओळखून पापलेट पकडायचे, दुसऱ्यात ताडावर चढून ताडगोळे उतरवायचे. ताडावरून पडलं की खाली उभी असलेली बकरी हसायची. मुलांना ती बकरी इतकी आवडायची की काही जण मुद्दाम पडायचे.

माझ्या पोटातले सगळे जोड हिरीनं केले. हिरी तलासरी तालुक्यातल्या झरी गावची. रोज सकाळी एसटीनं डहाणूला यायची, सोल्डरिंगची गन तापवायची आणि कथील वितळवून बोर्डावरचे सुटे भाग जोडायची. तिचा प्रत्येक जोड नाचणीच्या दाण्याएवढा, गोल आणि चकचकीत असायचा. चिमणशेठ येणाऱ्याजाणाऱ्याला बोर्ड दाखवून सांगायचे की, बघा, ही बाई शाळेत चार इयत्ता शिकली आहे आणि तिचं काम मुंबईच्या कारखान्याला लाजवेल. हिरी मान वर करायची नाही, पण तिचे कान लाल व्हायचे.

मी सगळ्यांत पहिला. नवीन कॅसेट आली की आधी माझ्यात घालून पाहायचे. म्हणून माझे भाऊ दुकानांत गेले आणि मी टेबलावरच राहिलो. त्यांच्यासाठी चिमणशेठनी एक खास युक्ती काढली होती. त्यांच्या मेहुण्यांची चिकूची वाडी होती. चिकू जसे लाकडी खोक्यात पेंढा घालून मुंबईला जातात, तसाच आपला चिकूही जाईल, असं त्यांनी ठरवलं. पेंढा आगर गावाच्या बाजूच्या शेतांतून यायचा. प्लास्टिकची पिशवी घालावी असं कुणीतरी सुचवलं, पण पिशवीमुळे पेंढ्यातून डोकावणारा चिकू दिसणार नाही, म्हणून शेठनी ती नको म्हटलं. खोकं उघडणारा माणूस आधी हसायचा, मग गेम उचलायचा. विक्री जोरात सुरू झाली.

पुढच्या पावसाळ्यानंतर खोकी परत येऊ लागली. टीव्हीवर चित्राऐवजी रेघा येत होत्या. सुरतहून परत, नाशिकहून परत. गिरणीमागच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. चिमणशेठनी एक गेम उघडला, बोर्डावर बोट दाबलं आणि चित्र आलं. बोट काढलं, चित्र गेलं. दुसऱ्यातही तसंच, तिसऱ्यातही तसंच. त्यांनी गन बाजूला ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिरी, तुझा हात कच्चा निघाला."

मी शेजारीच होतो, मित्रांनो. माझ्यातले जोडही तिचेच होते आणि मी रोज चालत होतो. पण गेमला जीभ नसते.

१९९९ साली कंपनी बंद पडली. सामान गोदामात हलवताना मला कुणी विचारलं नाही. हिरीनं शेठना विचारलं, हा नेऊ का. त्यांनी बघितलंही नाही, नुसता हात हलवला. तिनं मला मांडीवर घेऊन झरीला आणलं.

त्यानंतर हिरीनं सोल्डरिंगची गन हातात धरली नाही. ती वाडीत चिकू निवडायला जाऊ लागली. माझ्यासोबत तिनं दोन कॅसेट आणल्या होत्या. गावातली मुलं तिच्या घरी यायची आणि ओसरीत बसून ताडगोळे उतरवायची. मुलांचे ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. पण मोठी माणसं विसरत नव्हती. कुणाची सायकल मोडली, कुणाचा कंदील गळला, की कुणीतरी हसत म्हणायचं, हिरीला नका दाखवू, तिनं कंपनी बुडवली आहे. तिचा नवरा लडक्यासुद्धा भात करपला की तिला 'कंपनीवाली' म्हणायचा. तो मनानं वाईट नव्हता. आपण बोलतो ते लागतं, हे त्याला कळत नव्हतं. आणि हिरी त्याला कळू देत नव्हती.

२०१४ साली घरात नवा पातळ टीव्ही आला. माझी वायर त्याला बसेना. हिरीनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं. तीन वर्षं मी धुरात आणि अंधारात पडून होतो.

तिकडे डहाणूत काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं: चिमणशेठची मुलगी दक्षा मोठी झाली होती. कंपनी बंद झाली तेव्हा ती पहिलीत होती. आता ती रसायनशास्त्रात पदवी घेऊन तलासरीच्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवत होती. एकदा तिच्या फोनवर जुन्या खेळांच्या आठवणी काढणाऱ्या लोकांचा एक गट दिसला. त्यात कुणीतरी विचारलं होतं, हसणाऱ्या बकरीचा चिकू कुणाला आठवतो का? उत्तरं दोनशेच्या वर होती. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: असा गेम पुन्हा झाला नाही, पण आमचा महिन्या-दोन महिन्यांत बंद पडला. आता कुणी बनवला तर घेऊ.

दक्षानं वडिलांना सांगितलं की आपण चिकू पुन्हा बनवू. चिमणशेठ म्हणाले, एकदा तोंड पोळलं ते पुरे. बनवायचाच असेल तर हिरीचा हात नको. दक्षानं विचारलं, तिचाच हात कच्चा होता हे तुम्ही कसं तपासलंत? ते चिडून म्हणाले, बोटानं दाबून बघितलं, अजून काय तपासायचं.

त्याच आठवड्यात दक्षानं क्लासमध्ये चिकूचा विषय काढला, तेव्हा झरीच्या एका मुलीनं तिला सांगितलं की, आमच्या हिरीमावशीकडे चिकू आहे आणि लहानपणी आम्ही सगळे त्यावर खेळलो. दक्षा दुसऱ्याच दिवशी झरीला आली.

हिरी अंगणात नाचणी पाखडत होती. दक्षानं आपण कोण हे सांगितलं, तेव्हा तिचं सूप थांबलं. तिनं मला फळीवरून काढलं, लुगड्यानंच पुसलं आणि दिलं. शेजारच्या घरात जुना टीव्ही होता. तिथं मला जोडलं. कॅसेट बसवली. मित्रांनो, मला स्वतःलाच भरवसा नव्हता. पण चित्र आलं. ताड आला, बकरी आली.

"मावशी, हा कुणी जोडला होता?" दक्षानं विचारलं.

"मीच." हिरी म्हणाली, "एखादा चुकून बरा झाला असंल."

दक्षानं मला चार दिवसांसाठी मागून घेतलं आणि परत आणून देण्याचा शब्द दिला. डहाणूत चिमणशेठनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाले, हा चुलीवर राहिला, धुरानं कोरडा राहिला, म्हणून वाचला. दक्षाला तेही शक्य वाटलं. एका गेमवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं गोदामातली परत आलेली खोकी काढली. अजून तीसेक शिल्लक होती. त्यातले वीस गेम तिनं माझ्या शेजारी ओळीनं मांडले.

आधी तिनं भिंगातून हिरीचे जोड पाहिले. एकूण एक शाबूत. मग छोट्या बॅटरीचा उजेड स्लॉटच्या आत टाकला. पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. कुणी स्लॉटच्या आत पाहिलंच नव्हतं. बोर्डावर बोट दाबलं की बोर्ड किंचित वाकायचा, पिना कॅसेटला जोरात टेकायच्या आणि चित्र यायचं. चिमणशेठना वाटलं, जोड हलला. हलल्या होत्या पिना.

दक्षानं विसाच्या विसांना नवे स्लॉट आपल्या हातानं बसवले. बोर्डावरच्या बाकी एकाही जोडाला तिनं गन लावली नाही. वीसपैकी एकोणीस चालू झाले. विसाव्याचा ट्रान्सफॉर्मर उंदरानं कुरतडला होता.

आता प्रश्न राहिला, पिना हिरव्या कशामुळे झाल्या. खोक्याच्या तळाशी जुना पेंढा चिकटून होता. दक्षानं तो शुद्ध पाण्यात भिजवला आणि त्या पाण्यात मीठ ओळखण्याचं रसायन टाकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. आगरच्या खाडीलगतच्या शेतांत भरतीचं पाणी शिरतं, तो खारटपणा पेंढ्यातही उतरतो. चिकूच्या सालीला त्यानं काही होत नाही. पण पेंढ्याचा भुगा माझ्या भावांच्या उघड्या स्लॉटमध्ये पडला, मिठानं हवेतला ओलावा ओढला आणि पितळ खाल्लं. मी टेबलावरच राहिलो, पेंढ्यात कधी गेलोच नाही, म्हणून वाचलो. तरी दक्षानं आणखी खात्री केली. एका खोक्यात आगरचा पेंढा, दुसऱ्यात झरीच्या डोंगराकडचा आणि तिसऱ्यात जुनी वर्तमानपत्रं घालून तिन्हींतही नव्या पिना ठेवल्या. पावसाळ्याचा एक महिना गेल्यावर खोकी उघडली. हिरव्या फक्त पहिल्या खोक्यातल्या होत्या. माझे चार दिवस असे दीड महिन्यावर गेले.

तिसरं खोकं पाहून झाल्यावर चिमणशेठ खुर्चीत बसले. पेंढ्याची युक्ती त्यांची होती. पिशवी नको, हेही तेच म्हणाले होते. दक्षा हळूच म्हणाली की, मी मावशीला निरोप पाठवते. त्यावर ते म्हणाले, "निरोप नको. मी जातो."

पण ते लगेच गेले नाहीत. दोन दिवस ते गिरणीमागच्या खोल्यांत नुसते येरझारा घालत होते. मला भीती वाटू लागली की ते आता जाणारच नाहीत. तसं झालं असतं तर कंपनी दुसऱ्या कुणाच्या हातानं सुरूही झाली असती, पण हिरी जन्मभर स्वतःच्या हातांकडे संशयानंच पाहत राहिली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि एसटी स्टँडवर आले.

हिरी वाडीतून नुकतीच आली होती. लडक्या खाटेवर बसला होता, अंगणात दोन शेजारणी होत्या. शेठना पाहून सगळे उभे राहिले. हिरीनं पाणी आणायला म्हणून घरात वळायचं पाहिलं, तर शेठ म्हणाले, आधी ऐक. त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि माझ्याकडेच पाहत बोलले.

"हिरीबेन, तुझा हात पक्का होता. कच्चं होतं ते माझं बघणं."

त्यांनी पेंढ्याची, पिनांची, एकोणीस गेमची सगळी हकीकत सांगितली. हिरी ऐकत होती. तिनं आपले दोन्ही हात पदरात झाकून घेतले होते.

पहिला बोलला तो लडक्या. "शेठ, हे जरा मोठ्यानं सांगा. कंपनी हिनं बुडवली, ही गोष्ट पार वेवजी गावापर्यंत गेली आहे. ही पण तिथवर जाऊ दे."

शेजारणी हसल्या. शेठ हसले नाहीत. ते अंगणाच्या कडेला गेले, रस्त्याकडे तोंड केलं आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. हौदावरच्या बायका वळून पाहू लागल्या. मग लडक्या बायकोकडे वळला आणि खाली मान घालून म्हणाला की, 'कंपनीवाली' मी पण लई म्हटलं तुला.

"म्हण आता," हिरी म्हणाली. "आता चालंल."

तिनं पदरातून हात काढले आणि डोळे पुसले. शेठनी विचारलं की, कामावर येशील का. तिनं त्यांच्या हातून मला घेतलं. मग म्हणाली, "यीन. पण पहिले चष्मा लागंल मला. आता बारीक दिसत नाही."

२०१८च्या जानेवारीत गिरणीमागच्या खोल्या पुन्हा उघडल्या. पहिल्या दिवशी हिरी नवा चष्मा लावून बसली. पहिले तीन जोड तिनं स्वतःच काढून टाकले आणि पुन्हा केले. चौथा नाचणीच्या दाण्याएवढा झाला. आता तिच्या हाताखाली झरीच्या सुषमा आणि चिमी शिकतात. चूक झाली की हिरी रागावत नाही. आधी बोर्ड मागते, भिंग लावते, सगळीकडून बघते आणि मगच बोलते. नवे चिकू पिशवीत बंद होऊन, कागदात गुंडाळून जातात. आज २०१९ चाललं आहे. दीड वर्षात परत आलेले गेम फक्त पाच, आणि त्या पाचांचीही कारणं दक्षानं वहीत लिहून ठेवली आहेत.

मी झरीतच राहतो. दक्षानं मला नव्या टीव्हीला चालेल अशी वायर करून दिली. सुट्टीत मुलं येतात, तेव्हा माझी पाठ गरम होते आणि जीव हलका होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू बंद पडली तर ती फेकण्याआधी उघडून बघा. ओल, धूळ, मीठ कुठे शिरलं आहे ते शोधा. आणि तिच्यापायी कुणाला बोल लावला असेल, तर तोही एकदा तपासून घ्या. चूक आपली निघाली, तर निरोप पाठवू नका, स्वतः जा. डहाणूहून झरीला एसटीनं दीड तास लागतो. चिमणशेठना अठरा वर्षं लागली. तुम्ही लवकर निघा.