हलक्या ट्रिगरची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना पेंटबॉल मार्कर आहे आणि स्वभावाने घाबरट आहे. हसू नका. बंदुकीसारखा दिसणारा, गॅसच्या दाबाने रंगाच्या गोळ्या उडवणारा मी घाबरतो कसा, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या नळीसमोर नेहमी कोणीतरी उभं असतं. खेळणारे ते विसरतात, मला विसरता येत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पुढे पुण्याबाहेरच्या एका मैदानावर मी भाड्याने राबलो. वाढदिवसाला आलेली मुलं मला चिखलात टाकून खायला पळायची. अंगभर ओरखडे उठले. मैदानवाल्यांनी मला मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा खडकीच्या दीक्षाने मला घरी नेलं. तिने मला पुसलं, तेल दिलं, नळीवर कापडी टोपी चढवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा निर्धास्त वाटलं.

दीक्षाचा खेळ मला मानवणारा होता. ती मैदानावर रचलेल्या टायरांच्या आडोशाने सरपटत जायची आणि समोरचा गडी अगदी हाताशी आला की मला रोखून नुसतं "सरेंडर?" म्हणायची. इतक्या जवळून गोळी मारायची नाही, असा आमच्या मैदानाचा रिवाज. समोरचा मुकाट्याने हात वर करून निघून जायचा. तिचं बोट तेव्हा ट्रिगरवर टेकलेलं असे, पण माझा ट्रिगर जड. नुसता टेकून हलत नसे.

मग संघातले तिला चिडवू लागले, की ही रांगते फार आणि खेळते कमी. तिने ते मनाला लावून घेतलं आणि मला नारायण पेठेत फैजकडे नेलं. फैज संघातला धडाकेबाज गडी. धावत सुटायचा आणि गोळ्यांचा मारा करायचा. स्वतःच्या मार्करला जे बसवलं तेच त्याने मला सुचवलं: लांब नळी आणि हलका ट्रिगर. तू खेळतेस कशी, हे ना त्याने विचारलं, ना तिने सांगितलं. वर्तमानपत्रावर माझे भाग सुटे होऊन पडले तेव्हा माझा थरकाप उडाला. नवा ट्रिगर तर फुंकरीनेही हलेल असा होता.

रविवारी सकाळी मैदानावर माझ्या गोळीचा वेग मोजला. तो नियमात बसला. पण पहिल्याच डावात लांब नळी टायरांबाहेर डोकावली आणि दीक्षा टिपली गेली. चिडून तिने जेवणाच्या सुट्टीत माझा गॅसचा सिलिंडर स्कूटरच्या डिकीत टाकला. बाहेर एप्रिलचं ऊन. तापलेल्या गॅसचा दाब वाढतो आणि गोळीचा वेगही, पण सुट्टीनंतर तोच सिलिंडर मला जोडताना पुन्हा वेग मोजायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मला सगळं कळत होतं, आणि बोलायला तोंड नव्हतं.

दुपारी समोरच्या संघात सुमय्या होती, दीक्षाची जिवलग मैत्रीण. दीक्षा सरपटत तिच्या पाठीमागे पोहोचली. मला रोखलं. सवयीने बोट ट्रिगरवर टेकवलं. नको, नको, असं मी आतल्या आत ओरडत होतो. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच मी सुटलो.

सुमय्या मटकन खाली बसली. मास्कची कड आणि कान रंगाने माखले होते. घाबरून ती मास्क ओढू लागली, आणि आजूबाजूला गोळ्या उडतच होत्या. दीक्षाने मला टाकलं आणि दोन्ही हातांनी तिचा मास्क दाबून धरला.

"काढू नकोस, सुमय्या. डोळे जातील."

"तू मारलंस?" सुमय्याने विचारलं. "तू तर आधी विचारतेस ना?"

मास्क तसाच दाबून धरून दीक्षाने तिला मैदानाबाहेर नेलं.

डोळे वाचले. कानामागे मात्र काळंनिळं झालं. त्याच संध्याकाळी फैजने मान खाली घालून माझा जुना ट्रिगर आणि आखूड नळी परत बसवली. या वेळी त्याने तिचा खेळ नीट विचारून घेतला आणि आडोशावरून डोकावणार नाही असा गोळ्यांचा बुटका डबा तेवढा नवा दिला. तो मला शोभतो.

सुमय्या पुन्हा खेळायला आली. दीक्षाने मला टोपी घालून, नळी जमिनीकडे करून धरलं होतं. तरी मला पाहताच सुमय्याचा हात आपोआप कानाकडे गेला.

मित्रांनो, यंत्रात काही नवं बसवण्याआधी आपण ते कसं वापरतो आणि त्याच्यासमोर कोण उभं असतं, याचा विचार करा. माझे जुने भाग परत बसवता आले. सुमय्याचा तो हात मात्र अजूनही कानाकडे जातो.