हेगस्टेडांची सहादारी

"जे कुटुंब एका गाडीत मावत नाही, ते स्वर्गातसुद्धा एकत्र मावणार नाही," असं डॅरेल हेगस्टेडने फेब्रुवारीतल्या एका सकाळी ठणकावून सांगितलं. हा विचार त्याला ट्रकखाली उताणा पडलेला असताना सुचला, त्यामुळे बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. बुटांकडून आलेला उपदेश माणसं सहसा मनावर घेत नाहीत. त्याच्या बायकोने, जनायने, त्यातला एक बूट पायाने जरा बाजूला सारला आणि बर्फ लोटायचं फावडं कुठे ठेवलंय ते विचारलं.

स्वर्गाचा विषय निघायला कारण होतं. दर उन्हाळ्यात समस्त हेगस्टेड कुळ कुठेतरी तीन दिवस एकत्र जमतं. गेल्या वर्षी डॅरेलची मंडळी दोन गाड्यांतून निघाली होती. नवराबायको आणि सात मुलं. आयडाहोच्या त्या बटाट्याच्या मुलखात सात म्हणजे काही फार नव्हेत, पण एका गाडीला जड होतात. वाटेत एका पेट्रोल पंपावर चौथा मुलगा, जॅरम, मागे राहिला. या गाडीला वाटलं तो त्या गाडीत आहे, त्या गाडीला वाटलं तो या गाडीत. शोध लागला तो दुपारच्या जेवणाला, एक सँडविच उरलं तेव्हा. हेगस्टेडांच्या घरात खायची वस्तू उरणं म्हणजे अपघाताचा पंचनामाच. परत जाऊन बघतात तर जॅरम पंपावरच्या बाईंसोबत तिसरं आइस्क्रीम खात बसलेला, आणि निघायला नाखूश.

तेव्हापासून भावकीत डॅरेलचं नाव 'सहा अधिक एक' पडलं. नाताळच्या शुभेच्छापत्रावरसुद्धा एका चुलतभावाने लिहिलं होतं, मोजून कळव.

यंदाचा मेळावा ओरेगॉनच्या समुद्रकाठी होता. दोन दिवसांचा रस्ता. सगळी भावकी बघत असताना एकाच गाडीतून नऊच्या नऊ हेगस्टेड उतरवायचे, याखेरीज डॅरेलला त्या समुद्राकडून दुसरं काही नको होतं.

एवढ्यासाठी त्याने दोन मोडके पिकअप ट्रक आणले, एक निळा आणि एक पांढरा. दोघांना मधोमध कापलं आणि एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट जोडलं. बटाट्याच्या रिकाम्या कोठारात सबंध हिवाळा ठिणग्या उडत होत्या. एप्रिलमध्ये बाहेर आलं ते वाहन सहा दारांचं होतं. आत तीन बाकं आणि नऊ पट्टे. वळायला त्याला अर्धं शेत लागायचं. पण मुलांनी एका दारातून शिरून दुसऱ्यातून उतरण्याचा जो खेळ मांडला, तो अंधार पडेस्तोवर थांबला नाही. डॅरेल कडेला उभा राहून उतरणारी डोकी मोजत होता. एकदा तर अकरा भरली.

मागे जोडायचा ट्रेलर मात्र एका निवृत्त जोडप्याचा होता. चाकांवरचं नाजूक घर ते. त्यात एक गुबगुबीत डबलबेड होता आणि दारूचे पेले टांगायची पितळी दांडी. हेगस्टेड दारूला शिवत नाहीत, त्यामुळे दांडीवर सात टूथब्रश लोंबू लागले. डबलबेड उपटून तिथे तीनमजली बर्थ आले. प्लायवूडवर डॅरेलचा विश्वास नव्हता. त्याने गुरांच्या फाटकाचे लोखंडी पाइप वापरले. ज्या पाइपाला बैल हरतो त्याला मूल काय वाकवणार, असं त्याचं म्हणणं होतं. मुलांना पाहिलेल्या कोणालाही ते पटण्यासारखं होतं.

बर्थखाली आधाराला काय द्यावं हा प्रश्न उरला. त्यांच्या पंथात घरोघरी वर्षभराचं धान्य साठवून ठेवायची रीत आहे. तळघरात गव्हाचे मोहोरबंद डबे रांगेने उभेच होते. डॅरेलने त्यातले चोवीस उचलून बर्थखाली मांडले. एका दगडात दोन पक्षी, आधारही झाला आणि शिदोरीही. दोन दिवसांत रस्त्यावर असा कुठला दुष्काळ पडणार आहे, असं जनायने विचारलं. दुष्काळ काय आधी कळवून येतो का, असं त्याने उलट विचारलं.

निघायच्या आधीचे तीन दिवस मुलं अंगणातल्या ट्रेलरमध्येच झोपली. सगळ्यात वरच्या बर्थवरून दोन भांडणं आणि एक तह झाला. जॅरमने स्वतःच्या शर्टावर मार्करने घरचा फोन नंबर लिहून घेतला. जूनच्या त्या सकाळी सहाही दारं धाडधाड लागली, नऊ पट्टे खटाखट बसले आणि गाडी निघाली. आधी गावच्या वजनकाट्यावर. कारण ट्रक आणि ट्रेलर मिळून वीस हजार पौंडांच्या वर वजन ओढायचं नाही, असं दारावरच्या पट्टीवर कोरलेलं होतं. डॅरेल कोरलेलं मोडणारा माणूस नव्हता.

काटा बिशप रोंडोंच्या ताब्यात. रविवारी ते चर्चमध्ये गावाच्या आत्म्यांची चौकशी करत आणि बाकी दिवस बटाट्याचे ट्रक तोलत. दोन्हीकडे चेहरा तोच. लांबलचक गाडी काट्यावर चढली आणि बाहेरच्या पाटीवर तांबडे आकडे उमटले. एकवीस हजार चारशे साठ.

"ब्रदर डॅरेल," बिशप म्हणाले, "समुद्र बघायला चाललायस की बुजवायला?"

पाण्याची टाकी रिकामी केली, तीनशे उतरले. मग काट्याच्या कडेला गव्हाचे चोवीस डबे उतरले. एकेक डबा जाताना डॅरेल दुसरीकडे बघत होता. डब्यांच्या जागी बिशपांच्या गोदामातली लाकडी खोकी आली. पीचच्या बरण्या उतरल्या. थोरल्या लेकीने, ब्रिएलने, केस सुकवायची दोन यंत्रं आपणहून काढून दिली. तिसरंही तिच्याजवळ आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. दर खेपेला सगळ्यांनी पुन्हा चढून बसायचं आणि खिडक्यांतून माना काढून पाटीकडे बघायचं. आकडा खाली आला की मुलं आरोळी ठोकत. शेवटी तो वीस हजार एकशे पस्तीसवर येऊन बसला, तो काही केल्या हलेना.

बर्थचे पाइप कापावेत तर गॅसकटर घरी होता. उरली डॅरेलची हत्यारपेटी, त्याच्या आजोबांपासूनची. ती दीडशेच्या आसपास भरेल, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डॅरेलने पाटीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग खाली उतरला, काट्यावरूनच मागे गेला आणि पेटीच्या कड्यात हात घातला.

"राहू दे ती," जनाय खिडकीतून म्हणाली. "वाटेत लागेल. मी उतरते."

"तू?"

"बिशप मला घरापर्यंत सोडतील. मी माझी लहान गाडी घेऊन मागोमाग येते."

आणि ती उतरून काट्याबाहेर उभी राहिली. पाटीवर एकोणीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव आलं. वजाबाकी येणाऱ्या अख्ख्या गावाला तिचं वजन कळलं. बिशप सभ्यपणे आभाळाकडे बघू लागले. एखादी बाई आपलं वजन गावच्या काट्यावर खुशाल लागू देते, तेव्हा तिच्या पदरात त्याहून वजनदार काही पडणार असतं. पण डॅरेलच्या हे लक्षात आलं नाही.

"पण जनाय, सगळे एका गाडीत म्हणून तर हे सगळं केलं," तो म्हणाला. "चुलतभावांना काय सांगू?"

"आठ एका गाडीत आहेत. गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ बरं. आणि मी कुठे पंपावर राहतेय?"

तोवर तीनही बाकांवर गलका उठला होता. मी ममबरोबर जाणार. मला पुढची सीट. तू मागच्या वेळी बसलेलास. पट्टे सुटायला लागले. डॅरेलचा चेहरा जरा उजळला. म्हणाला की बाई माणूस एवढा रस्ता एकटी कशी येईल, सोबतीला एकदोघं घेऊन जा, म्हणजे आमचंही वजन आणखी हलकं होईल.

जनायने आधी ती सहाही दारं बाहेरून एकेक करून नीट लावली. मग नवऱ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "एक कर. यातलं एकही माझ्याबरोबर पाठवू नकोस."