पांढरीची माती

खुशालराव वऱ्हाडातल्या पाहण्यासारख्या जागांवर पुस्तक लिहीत होते, म्हणजे अमरावतीच्या राजापेठेतल्या घरी तक्क्याला टेकून लिहीत होते. नरनाळ्याच्या दरवाज्याशी त्यांनी एक फोटो काढवून घेतला होता, बाळापूरच्या जुन्या दगडी छत्रीत डबा खाल्ला होता, आणि एवढ्या भांडवलावर अमरावती-अकोल्याचा अख्खा इतिहास त्यांच्या खिशात होता.

देवमन मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. तरी एकसष्ट सालच्या चैत्रात त्यांनी तीन पत्रं लिहून या माणसाला तिवशाजवळच्या आपल्या गावी बोलावलं, कारण दुसरा इलाज नव्हता. गावालगतची पांढर दर उन्हाळ्यात खचत होती. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची टेकडी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती. ती माती काळ्या वावरात टाकली की पीक जोमानं येतं, म्हणून लोक बैलबंड्या भरभरून नेत. त्या मातीत मास्तरांना एक खापर सापडलं होतं, त्यावर अक्षरं कोरलेली. ती त्यांना वाचता येत नव्हती. पण छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून आपल्याआधी इथं कोण राहत होतं, हा ध्यास त्यांनी घेतला होता. पुस्तकात गावाचं नाव आलं तर सरकार लक्ष घालील, बंड्या थांबतील, एवढीच त्यांची आशा.

खुशालराव आले. धोतराचा सोगा सावरत दहा पावलं चढले आणि थांबले.

"किल्ला कोठी हाये?"

"किल्ला नाई, भाऊसाहेब. खाली जुनं गाव हाये."

मास्तरांनी रुमालाची गाठ जमिनीवर सोडून खापर दाखवलं. खुशालरावांनी हात लावला नाही. काठीच्या टोकानं ते उलटवलं.

"मास्तर, फुटक्या गाडग्यासाठी तू मले बोलावलं? अशी खापरं माह्या वावरात पायाले रुततात."

"तुमच्या वावरात कोठून आली?"

"इथूनच. बाजूच्याच शिवारात वावर हाये माहं. तीन वर्षांपासून माहे गडी बंड्या नेऊन राहिले. शंभरेक झाल्या असतीन. असं खत दुसरं नाई."

मास्तरांना राग आला नाही, किळस आली. हा इतिहासाचा पुस्तकवाला इतिहासच वावरात पसरून बसला होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. त्यांनी खापर रुमालात बांधलं आणि स्वतः बोलावलेल्या पाहुण्याला चहाचंही न विचारता घरची वाट धरली.

बंड्या उन्हाळाभर चालूच राहिल्या. दिवाळीत पुस्तक निघालं, तोवर निम्मी पांढर सपाट झाली होती. तिवशाच्या वाचनालयात मास्तरांनी ते उघडलं. गावाचं नाव खरंच आलं होतं. पुढं एकच ओळ: 'येथे पाहण्यासारखे काही नाही.'

मास्तरांनी खिशातला पेन काढला आणि फळ्यावर लिहीत तशा ठसठशीत अक्षरात त्याखाली लिहिलं: 'होते. आता खुशालरावांच्या वावरात पाहावे.'