डावखुरी टेप

मशीन दुरुस्त करायला हॉटेलच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर एकही माणूस हसेना. एरवी मी आलो की आचारी आधी खुर्ची तपासून बसतो. गेल्या वर्षी मी फ्रीजच्या दाराला घंटी बसवली होती. हा चोरून क्रीम खायला गेला रे गेला की वाजायची. तेव्हापासून माझा धसका.

भांडी धुणाऱ्या मावशी स्टुलावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर जपून ठेवून. सकाळी भांडी धुण्याच्या मशीनने त्यांना झटका दिला होता. ब्रेकर पडला म्हणून वाचल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "मशीनमध्ये काही मस्करी केलीत तुम्ही? तुमचा मेव्हणाच सांगतोय."

मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, इथलाच वायरमन. पस्तिशीचा गडी. पक्कड कशी धरायची हेसुद्धा मीच शिकवलेलं. तो फरशीकडे बघत म्हणाला, "तसं नाही दाजी... म्हटलं, गंमत म्हणून काही केलं असेल."

"मावशींना झटका देऊन गंमत? अरे, माझा दर्जा तरी बघ!"

मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मशीन नीट करा आणि जा. पुन्हा येऊ नका. आजूबाजूच्या हॉटेलांनाही मी सांगणार आहे."

ती गल्ली म्हणजे माझी निम्मी गिऱ्हाइकं. मी सगळ्यांना बाहेर काढलं, मेन बंद केला आणि मशीनचा मागचा पत्रा उघडला. हीटर गळत होता, पाणी लागलं की करंट बाहेर. असा हीटर ब्रेकरला सारखा पाडतो, कारण अर्थिंगची वायर तो करंट ओढून घेते. पण इथे ती वायरच कापलेली! वर काळी टेप, उलट्या दिशेने गुंडाळलेली. डावखुऱ्याचं काम.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. आमच्या घरात डावखुरा एकच आहे.

ब्रेकर सारखा पडतोय म्हणून आचारी रोज मेव्हण्याला शिव्या घालायचा, हे मला ठाऊक होतं. मला बोलवायची लाज वाटली असेल, म्हणून वायर कापून मोकळा झाला. ब्रेकर पडायचा थांबला आणि पत्र्यात मात्र करंट येऊन बसला. आज मावशींच्या अंगातून त्याला जमिनीची वाट मिळाली, तेव्हा कुठे ब्रेकर पडला. एक फोन केला असता तर मी धावत आलो असतो, गाढवा.

पण टेपवरून कोण मानणार? त्यातही माझं?

हीटर काढून नवा बसवला, अर्थिंग जोडलं, करंटची गळती दाखवणाऱ्या मेगरने दोनदा तपासलं. पत्रा बसवला, मेन चालू केला. मग सगळ्यांना आत बोलावलं.

"मालकीणबाई, आत काहीच सापडलं नाही. वायरिंगला मी हातही लावलेला नाही. मशीन झकास आहे." मी मेव्हण्याकडे वळलो. "पाणी भरलंय, स्विच चालू आहे. ठेव हात पत्र्यावर. तुझ्या हातून तपासणी झाली की यांची खात्री पटेल."

तो हलला नाही.

"अरे ठेव की!" आचारी म्हणाला.

"चप्पल... ओली आहे माझी."

"माझी घाल," मी म्हणालो.

त्याने हात पाठीमागे लपवला, पाच वर्षांच्या पोरासारखा. मावशी त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. "तुला माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "माहीत असून तू मला रोज त्याच मशीनवर उभं राहू दिलंस?"

मी माझा तळवा पत्र्यावर टेकवला. गार पत्रा, बाकी काही नाही. मालकीणबाई मला 'माफ करा' म्हणाल्या. एरवी मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं असतं. आज नुसती मान हलवली.

मागच्या दाराशी मेव्हण्याने गाठलं. "दाजी, मी घाबरलो होतो. तुमचं नाव घेतलं की लोक हसून सोडून देतील असं वाटलं. ताईला सांगू नका."

"मी सांगितलं तर तिला गंमतच वाटेल," मी म्हणालो आणि मोबाइल त्याच्या हातात कोंबला. "तूच सांग. घे, रिंग वाजतेय."