बघ्यांची काच

राहीबाई दुकानाच्या पायरीवर पचकन थुंकली, मगच आत आली. सिद्धू फोटोवाल्याला त्याचं नवल उरलं नव्हतं. दोन वर्षं पलूसमध्ये त्याच्या वाट्याला दुसरं काय येत होतं? न्हाव्यानंसुद्धा त्याची दाढी करायचं सोडलं होतं.

“पोलिसास्नी दिलास तसा मलाबी दे फोटू,” ती म्हणाली. “जत्रंच्या कुस्त्यांचा. माझा लालासाहेब हाय त्यात.”

लालासाहेब तेव्हा रजेवर आला होता. परवा पलटणीची तार आली, पोरगा इटलीच्या लढाईत पडला. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

त्या फोटोची तऱ्हाच झाली होती. कॅमेरा जुना, मंद. पैलवान हलले आणि त्यांचा नुसता धूर उमटला. बसलेले बघे मात्र असे स्वच्छ आले, की मिशा मोजाव्यात! त्यांच्यात चळवळीतली तीन फरारी पोरं होती. फौजदाराला फोटोचा सुगावा लागला, तशी सिद्धूनं ज्या काचेवर फोटो उतरला होता ती मूळ काच भिजवली आणि खिळ्यानं चेहरे खरवडले. कोण कुठला बघायला उसंत कुणाला होती? सगळेच खरवडले, आणि काच फुटली म्हणून फौजदाराला ठोकून दिलं. तरी तिघं धरले गेले. गाव म्हणालं, सिद्ध्यानंच दिले.

काच पेटीत होती. इंग्रज गेला की चारचौघांत दाखवायची आणि डाग धुवायचा, एवढ्या आशेवर मेला दिवस काढत होता. आता तर दारातच साक्षीदार आला होता. त्यानं पेटीचं झाकण उचललं.

“डोळं माझ्यागत हायत त्याचं,” राहीबाई म्हणाली. “तेवढं बघते नि जाते, बाबा.”

ते डोळे त्यानंच खिळ्यानं काढले होते. सिद्धूनं झाकण लावलं.

“न्हाई मावशी. काच फौजदारानं नेली.”

“म्हंजी तूच दिलीस?”

“व्हय. म्याच दिली.”

तिनं खाडकन त्याच्या तोंडात मारली. मग डोळ्यांना पदर लावला. “म्हंजी कचेरीत आसंल की ती! पाया पडते फौजदाराच्या. हाय न्हवं कुठंतरी, बास झालं.”

चौकातल्या माणसांना तिनं ओरडून सांगितलं, “सोताच्या तोंडानं कबूल झाला, मुडदा!” पहिला दगड दुकानाच्या पाटीवर बसला.

राहीबाई मात्र थांबली नाही. कचेरी बंद व्हायच्या आत तिला तालुका गाठायचा होता.